बुधवारच्या बाई

मला दहावी पास केलं ते चुरी बाईंनी. त्यांच्या जोडीला आचोळ्याच्या शाळेतले जाधव सर होते, आणि मनाविरुद्ध सांगते, तिथली रेश्मासुद्धा होती. पण नाव पहिलं बाईंचंच लागलं पाहिजे. त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाचं लागलेलं मला चालणार नाही.

विरार पूर्वेला चंदनसारमध्ये आमची मराठी शाळा आहे, तिच्या चुरी बाई मुख्याध्यापिका. मी तिथे झाडलोट करायचे आणि विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायचे. माझं गाव नांदेडच्याही पलीकडं. आठवीत असताना शाळा सुटली, मग लग्न, मग यांना वसई फाट्याजवळ एका कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आलो. आई अजून फोनवर विचारते, "मंगल, तिकडं तुझं हाय कोण?" पहिली दोन वर्षं मी उलटं पाऊसपाण्याचं विचारायचे. पुढं सांगायला लागले, "आमच्या बाई हायेत की."

बाई वसईच्या किनाऱ्याकडच्या गावातल्या, वाडीतल्या. घराभोवती केळी, नारळ, सोनचाफा. रोज स्कूटरवरून यायच्या. अंबाड्यात चाफ्याचं फूल आणि त्याच्यावर हेल्मेट. शाळेत येऊन हेल्मेट काढलं की फूल चेमटलेलं असायचं, आणि बाई रोज नव्यानं हळहळायच्या, "अरेरे, आजपण मेलं हे!" एकदा मी म्हटलं, बाई, फूल डब्यात घालून आणा, इथं आल्यावर माळा. तर म्हणाल्या, "मग घरातून निघताना मी काय माळू?"

केबिनमध्ये त्या कधी बसल्या नाहीत. जिन्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक पोरगा त्यांच्या समोरून जायचा. रागावल्या की आवाज चढायचा नाही, उलट बंदच व्हायचा, आणि त्या पदरानं चष्मा पुसायला लागायच्या. चष्मा जास्त वेळ पुसला जातोय असं दिसलं की मास्तर लोकसुद्धा दुसऱ्या जिन्यानं वर जायचे. पोराला ओरडायचं असलं तर आधी विचारणार, "जेवलास का?" जेवला नसेल तर आधी जेवायला लावणार आणि मग ओरडणार. आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या, पण भावाचा फोन आला की वाडीतल्या बोलीत अशा सुटायच्या की मला निम्मंही कळायचं नाही. त्या निम्म्याचाही मला हेवा वाटायचा. ते काही मला मिळणारं नव्हतं.

आणि कुठंही भांडण दिसलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज वार कुणाचा?" चेंडूसाठी दोन पोरं भांडली तरी तेच, प्रोजेक्टरसाठी दोन मास्तर भांडले तरी तेच. त्यांच्या वाडीत एक बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्यावर पाच घरांचा मिळून एक पंप. सोमवार एका घराचा, मंगळवार दुसऱ्याचा, असे वार बांधलेले. ज्याचा वार, त्यानंच केळीला पाणी सोडायचं, आणि पंप बिघडला तर त्या दिवशी ज्याचा वार त्यानंच मेकॅनिक आणायचा. बाई सांगायच्या, "आमच्यात जमिनीवरून कोर्टात गेलेली घरं आहेत. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण पाण्याचा वार कुणी मोडत नाही."

ह्या वारानंच माझी पंचाईत केली.

आमच्या शाळेला चांगली प्रयोगशाळा होती आणि गणिताचा मास्तर नव्हता. जागा रिकामी, भरायला परवानगी नाही. आचोळ्याच्या शाळेला जाधव सर होते, पण प्रयोगशाळा नव्हती. ती शाळा नालासोपाऱ्याला एका इमारतीच्या दोन मजल्यांवर भरते, खाली भांड्यांचं दुकान. आणि एव्हरशाईन सिटीतल्या शाळेला कॉम्प्युटरची गार खोली, मोठं मैदान, सगळं होतं, फक्त मराठी शिकवायला कुणी टिकत नव्हतं. मुख्याध्यापकांच्या एका सभेत आचोळ्याचे मुख्याध्यापक म्हणाले म्हणे, "आमची मुलं लिटमसचा रंग बदललेला फळ्यावर बघतात, रंगीत खडूनं." बाई तिथल्या तिथं म्हणाल्या, "शनिवारी आमच्याकडे आणा. खरा बघू द्या."

आमच्या संस्थेचे सचिव साहेब भडकले. ते ऑफिसात बाईंशी बोलत होते तेव्हा मी कपाट पुसत होते.

"बाई, मुलं त्यांची आणि काचेची भांडी आपली. फुटली तर?"

"फुटली तर आवाज होईल साहेब. कपाटात पडून राहिली तर तेवढाही होत नाही."

"आणि आपल्याला काय मिळणार?"

"बुधवारी जाधव सर आपल्या दहावीला गणित शिकवतील. त्या बदल्यात त्याच दिवशी मी त्यांच्याकडे विज्ञान शिकवीन. आपल्या मुलांना एव्हरशाईनचे कॉम्प्युटर मिळतील, आपल्या देसाई मॅडम तिकडे मराठी घेतील. वार बांधून देते मी सगळ्यांना."

"ही काय तुमची वाडी आहे?"

बाईंनी चष्मा काढला. सचिव साहेब म्हणाले, "बरं, वर्षभर करून बघा."

कपाट पुसता पुसता मला त्यातलं एकच ऐकू आलं. बुधवारी बाई इथं नसणार.

कारण तोपर्यंत बाई माझ्या एकटीच्या झाल्या होत्या. प्रयोगशाळेतले जुने परिचर, काळे काका, रिटायर झाले होते आणि त्यांची जागा मी हंगामी म्हणून बघत होते. सचिव साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, परिचराला दहावी लागते, हिची शाळा आठवीतच सुटलीय, तपासणीला कुणी आलं तर मी काय दाखवू? बाईंनी त्यांच्याकडून मुदत मागून घेतली आणि माझ्याकडून बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. रोज शाळा सुटली की प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर मला शिकवायला बसायच्या. ती नोकरी गेली असती तर आम्हाला खोली सोडून गावी परतावं लागणार होतं. यांच्या एकट्याच्या पगारात विरारमध्ये भागत नाही. म्हणून ती संध्याकाळ मला देवळासारखी होती, आणि देवळात दुसरं कुणी येऊन बसलेलं मला नको होतं.

आता आठवड्यातली एक संध्याकाळ आचोळ्याची झाली.

शनिवार जुळायला तीन आठवडे गेले, आणि मग पहिल्या शनिवारी ती पोरं आली. शिरताना चपला काढल्या, आणि सूक्ष्मदर्शकापुढं रांग लावून अशी उभी राहिली, जणू मी काहीतरी वाटतेय. एका मुलीनं कांद्याची साल बघितली आणि भिंगावरून डोळाच काढेना. "अगं, घरं दिसतात! एकाला एक लागून, चाळीसारखी!" आमच्या पोरांनी ते कधी एवढ्या जोरात म्हटलं नव्हतं. आमच्या पोरांना सवय झाली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी आमची पोरंही पुन्हा नीट बघायला लागली, त्यांना रांगेत मागं उभं राहावं लागलं म्हणून. हे मला दिसलं. पण मी कुणाला बोलले नाही.

त्या पोरांबरोबर आली होती रेश्मा, तिथली सेविका. आचोळ्याचीच, जुन्या भातशेतीच्या घरातली, माझ्याच वयाची, पण दहावी झालेली. आल्या आल्या मला म्हणते, "चंचुपात्रं कुठं ठेवतेस ग? आमच्या बाई म्हनाल्या, मंगलला सगलं म्हाईत हाय."

आमच्या बाई! बुधवार मोजून तीन झाले असतील, आणि ही म्हणते आमच्या बाई.

त्यावर कडी म्हणजे पुढं काय म्हणाली, "बाईंना कोरा चहा लागतो बघ. आलं ठेचून. मी तयारच ठेवते."

आमच्या शाळेत बाई चहा घेत नसत. मी कितीतरी वेळा विचारलं होतं, "बाई, चहा आणू?" दर वेळी उत्तर, "नको ग." मी ठरवून टाकलं होतं की ह्यांना चहा चालत नाही. आणि तिकडं आलं ठेचलेला कोरा चहा! मला त्या दिवशी घास गोड लागला नाही. सोमवारी मी सरळ विचारलंच.

"बाई, तुम्ही तिकडं चहा पिता?"

"पिते ना."

"मग इथं नको का म्हणता?"

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू विचारतेस, म्हणून मी नको म्हणते. ती विचारत नाही, आणून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी न विचारता नेऊन ठेवला. बाईंनी अर्धा प्यायला आणि म्हणाल्या, "आलं जास्त झालंय." म्हणजे तुलना झालीच!

मग एकदा माझ्या तोंडातून गेलंच. शाळा सुटली होती, त्या स्कूटर काढत होत्या, आणि मी फाटकात. "बाई, तुम्ही आमच्या की त्यांच्या?"

मला वाटलं होतं हसतील किंवा चष्मा काढतील. त्यांनी हेल्मेट घालता घालता हिशोब दिला. "बुधवारी त्यांची. शुक्रवारी दुपारी एव्हरशाईनची. बाकी दिवस तुमची. रविवारी वाडीची." आणि गेल्या. ह्यात माझं नाव कुठंच नव्हतं, तुमची म्हणजे अख्ख्या शाळेची. पण खोटं गोड बोलायची त्यांना सवयच नव्हती.

त्या वर्षी तिन्ही शाळांच्या मुलांनी मिळून विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याचा प्रयोग केला. कुणी किनाऱ्याकडच्या विहिरीचं पाणी आणलं, कुणी टँकरचं, कुणी नळाचं. पाणी उकळून आटवायचं आणि खाली किती मीठ राहतं ते बघायचं. सामान आमचं, आलेख एव्हरशाईनच्या कॉम्प्युटरवर, आकडेमोड जाधव सरांच्या पोरांची. प्रदर्शन पालघरला होतं. तिथं नोंदणीला बसलेला माणूस म्हणाला, शाळेचं एकच नाव लिहा. बाईंनी तिन्ही लिहिली. तो म्हणाला, असं चालत नाही. मग वाद नको म्हणून बाईंनी गटातल्या पहिल्या मुलीच्या शाळेचं नाव ठेवलं, आणि ती मुलगी आचोळ्याची निघाली. प्रयोगाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि माईकवरून एकट्या आचोळ्याचं नाव पुकारलं.

सचिव साहेबांनी तीन दिवस बाईंशी अबोला धरला. चौथ्या दिवशी बाईंनी ढालीलाही वार बांधून दिले, चार महिने एकेका शाळेकडं. पहिली पाळी आमची आली. मी ती ढाल पितांबरीनं घासून घासून अशी लख्ख केली की सचिव साहेबांनी तिच्यात बघून भांग नीट केला. चार महिन्यांनी ती आचोळ्याला गेली, मग एव्हरशाईनला, आणि वर्षानं परत आमच्याकडं आली तेव्हा मी दिल्यापेक्षा जास्त चमकत होती. रेश्मानं लिंबू लावलं होतं म्हणे, आणि पुढंही तसंच ठेवायला सांगितलं होतं. मी ती ढाल कपाटात जरा मागं सरकवली.

पण ते पुढचं. प्रदर्शनाच्याच वर्षी मार्चमध्ये मी परीक्षेला बसले. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. सचिव साहेब म्हणाले, "जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत थांबतो, त्यापुढं नाही. दुसरी एक मुलगी आहे, बारावी झालेली."

मी रडत बाईंकडं गेले. बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला गणित येतं, पण शिकवता येत नाही. येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. रविवारी सकाळी जाधव सर तिन्ही शाळांच्या कच्च्या मुलांना एकत्र घेतात. तू आचोळ्याला जा."

"तुम्हीच शिकवा ना बाई."

"मी तुला प्रेमानं नापास करीन, मंगल."

ह्या वाक्याचा मला किती राग आला ते सांगता येणार नाही. वाटलं, आपल्याला दुसऱ्याच्या दारात सोडून दिलं. रविवारी मी चंदनसारहून शेअर रिक्षानं, मग चालत, त्या भांड्यांच्या दुकानावरच्या शाळेत गेले. बाकावर तीन शाळांची पोरं, तीन रंगांचे गणवेश, आणि मी साडीतली. आमच्याच शाळेचा एक पोरगा ओरडला, "मंगल मावशी, तुम्हीपण ढ आहात का?" जाधव सर म्हणाले, "इथं सगळेच ढ आहेत, म्हणून तर जमतं." पोरं आपसात शिकवायची. आमच्या पोरांना समीकरणाची भीती, एव्हरशाईनच्यांना मराठीतलं शाब्दिक उदाहरण कळायचं नाही. ती आमच्यांना विचारायची की 'दोघांच्या वयांची बेरीज' म्हणजे काय, आणि आमची त्यांना विचारायची की क्ष कुठून काढायचा. एकाचं अडलं की दुसऱ्याचं सुटायचं. असा वर्ग माझ्या गावी असता तर मी आठवीत शाळा सोडली नसती, एवढं नक्की.

वर्ग संपला की पोरं पळायची आणि रेश्मा मला धरून ठेवायची. ती पेले विसळणार, मी ओट्याला टेकून गणितं करणार.

"बघ, तुझं सगलं बरोबर येतं, फक्त उन्यात चुकतं. उने दिसलं का घाबरतेस तू."

"उणे नाही दिसलं तरी घाबरते मी."

"ते म्हाईत हाय. बाईंनी सांगितलंय, मंगल घाबरट हाय, तिला ओरडू नको."

मला तो गुणाकार अर्धाच टाकावा लागला. बाई माझ्याबद्दल हिच्याशी बोलत होत्या. माझ्या घाबरण्याबद्दल बाईंनी आमच्या शाळेत एक शब्द काढला नव्हता, आणि इथं बुधवारच्या चहावर ते सगळं बोलणं झालेलं. हेवा वाटायचा तो वाटलाच. पण पहिल्यांदाच असं वाटलं की मी नसते तिथंही माझी कुणीतरी काळजी करतंय. आई विचारते त्या प्रश्नाचं उत्तर आता एका नावात मावत नव्हतं.

निकाल लागला त्या दिवशी माझ्या फोनचं नेट बंद होतं. ऑफिसातला कॉम्प्युटर सारखा गोल गोल फिरवत होता. माझा नंबर रेश्माकडं होता. तिनं एव्हरशाईनच्या कॉम्प्युटरवाल्या सरांना फोन करून निकाल बघायला लावला, तिथून तिला कळलं, तिच्याकडून बाईंना, आणि बाईंकडून मला. म्हणजे माझा निकाल सगळ्या विरार-नालासोपारा-वसईला कळला, आणि शेवटी मला. बाई जिन्याखालच्या खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"गणित पास. जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. "आधी जेव," म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हे मला जरा वेळानं कळलं.

सचिव साहेबांनी त्याच आठवड्यात मला परिचर म्हणून पत्र दिलं. मग पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. तिन्ही शाळांना निरोप समारंभ आपापल्या घरी हवा होता. आमच्याकडं देसाई मॅडमनी भाषण केलं, मी खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या. बाईंचं भाषण दोन मिनिटांचं झालं. वार मोडू नका, एवढंच सांगितलं. तो मोडलेला नाही. बुधवारी अजून जाधव सर येतात आणि आता आमच्या नव्या मुख्याध्यापिका आचोळ्याला जातात. शनिवारी त्या पोरांसाठी मी स्वतः परीक्षानळ्यांचे रॅक लावते. आमच्या शाळेला गणिताचा मास्तर अजून मिळालेला नाही, पण गणितात आमची पोरं आता मागं राहत नाहीत.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, शिरसाड फाट्यावर. मी यांच्याबरोबर बाईकवर होते. सिग्नलला समोरून एक टेम्पो वळला, पूर्वेकडं, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांच्या दिशेनं. ड्रायव्हरच्या शेजारी बाई बसल्या होत्या, मांडीवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं. खोक्यातून एक तिवई वर आलेली. बाईंच्या शेजारी एक तरुण मुलगी होती, शिक्षिका असावी, ती हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाई मान हलवत ऐकत होत्या, अगदी तल्लीन होऊन. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, तिकडच्या दोन आश्रमशाळांना बाई आमच्या तिन्ही शाळांशी जोडून देतायत, आणि स्वतः आठवड्यातले तीन दिवस तिथं जातात.

तीन दिवस! आचोळ्यालासुद्धा एकच मिळायचा.

बाई, मी आता बारावीचा फॉर्म भरलाय. ती झाली की रजा टाकून त्या पाड्यावर येणार आहे. तिथल्या प्रयोगशाळेचं पहिलं कपाट मी माझ्या हातानं लावून देईन, बाटल्यांवर नावं चिकटवीन, आणि टेम्पोत तुमच्या शेजारी बसलेल्या त्या मुलीला सूक्ष्मदर्शक पुसायला शिकवीन. माझ्यापेक्षा चांगलं पुसायला लागली तरी चालेल. हे तुमचं जे ऋण माझ्यावर आहे ते फेडायला सुरुवात म्हणून. बाकीचं एक ना एक दिवस फेडीन, नक्की फेडीन.